जिभेचा व्यायाम

मे २०२४च्या अखेरीस मनुस्मृतीच्या निषेधात महाडला काय झालं, काय जाळलं, चुकून काय फाडलं गेलं आणि मग कुणी कुणाची माफी मागितली, हे तुम्ही चार दिवस पाहिलंत. मीही पाहिलं. माझी चिडचिड वेगळ्याच गोष्टीवर आहे. राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात मनुस्मृतीचा समावेश होणार नाही, असं तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनी सांगून टाकलं आणि अख्ख्या महाराष्ट्रानं सुस्कारा सोडला. जिंकलो! मग मंडळी पुन्हा लोकसभेत कुणाला किती जागा मिळणार या आकडेमोडीला लागली.

त्याच आराखड्यात तिसरी ते पाचवीला मनाचे श्लोक १ ते २५, सहावी ते आठवीला २६ ते ५० आणि नववी ते बारावीला गीतेचा बारावा अध्याय पाठ करायला सुचवला होता. वर स्पर्धाही. त्यावर मात्र कुणी काही फाडलं नाही. आमच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात सगळ्यात मोठा गदारोळ झाला तो अकरावी-बारावीला इंग्रजी सक्तीचं राहणार नाही या बातमीवर. देव आला तर चालेल, इंग्रजी जाता कामा नये. एकेका संदेशाला तीन-तीन उद्गारचिन्हं. एका उद्गारचिन्हानं ज्याचं भागत नाही, त्याचं म्हणणंच कच्चं असतं, असं माझं जुनं मत आहे.

आराखड्यावर हरकती पाठवायची मुदत ३ जूनला संपत होती. लोकसभेचे निकाल त्याच्या दुसऱ्या दिवशी होते. यातली कुठली तारीख लोकांना पाठ होती, हे वेगळं सांगायला नको.

तर त्याआधीच्या शुक्रवारी संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर विषय निघाला. चहा कागदी कपातून आला. कागदी कपातून चहा देणाऱ्या माणसाच्या कुठल्याच मतावर मी विश्वास ठेवत नाही, पण आमचे सचिव भले गृहस्थ आहेत म्हणून बसलो. मी देव मानत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझी मुलगी त्या वर्षी सातवीत जाणार होती, म्हणजे तिच्या वाट्याला २६ ते ५०. मी कुरकुर सुरू केली तेव्हा सचिव म्हणाले, ‘‘अहो, यात धर्म कुठे आला? श्लोकांनी उच्चार स्पष्ट होतात!’’

उच्चार. मला ही सबब मनापासून आवडली. इतकी की घरी येऊन रात्री बारापर्यंत मी तिच्यावरच विचार करत होतो.

याच राज्यात २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘त्र्याण्णव’च्या जोडीला ‘नव्वद तीन’ आलं होतं, आठवतं? तेव्हा कारण काय दिलं होतं? जोडाक्षरं मुलांना जड जातात. पोरांची जीभ अडखळते, मग ती गणिताला भितात. २०१९ला जी जीभ ‘त्रेपन्न’वर ठेचकाळत होती, ती पाच वर्षांत गीतेतला संस्कृत अनुष्टुभ लीलया पेलायला निघाली. प्रगती म्हणतात ती हीच. उच्चारच हवे होते तर ‘त्र्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, अठ्ठ्याण्णव’ हे काय वाईट होते? निमकी, पाऊणकी, सवायकी म्हणायला लावा. तोंडात सुपारी धरून सराव केल्यासारखे उच्चार सुधारतात आणि वर हिशेबही येतो. पण नाही. उच्चार सुधारायचा तर तो देवाच्या नावानंच सुधारतो, असं दिसतं.

आता माझा दाखला. मी लहानपणी मनाचे श्लोक पाठ केले आहेत. सगळे २०५ नाहीत, पण साठेक तरी. आमच्या आळीत रामनवमीला पाठांतराची स्पर्धा व्हायची. पाचवीत मला पहिल्या नंबराचा स्टीलचा डबा मिळाला. त्यात आजही आमच्याकडे शेंगदाणे असतात. भुजंगप्रयात वृत्ताची ती लय अजून अंगात आहे. रिक्षा खड्ड्यांतून जायला लागली की आपोआप सुरू होते. पण उच्चाराचं म्हणाल तर ‘श’ आणि ‘ष’ यांतला फरक मला आजतागायत तोंडानं दाखवता येत नाही. आकाशवाणीच्या आवाजचाचणीत मी दोनदा नापास झालो. डबा मात्र उत्तम आहे.

आणि ज्यांना गीता खरंच प्रिय आहे त्यांनी तर या सबबीवर माझ्याआधी संतापायला हवं. सातशे श्लोकांचा अर्थ मराठी माणसापर्यंत पोचावा म्हणून ज्ञानेश्वरांनी नऊ हजार ओव्या घातल्या. जीभ वळावी म्हणून नव्हे. संस्कृत उच्चार हा प्रश्न असता तर ती खटपट करायचं कारणच नव्हतं. टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात लिहिलं. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी एकेक अध्याय सांगितला आणि साने गुरुजींनी तो उतरवून घेतला. गीतेचे मराठीतले दोन मोठे वाचक तुरुंगात भेटतात, हे जरा लक्षात घ्या. माणूस मोठा, संकट खरं, आणि ऐकायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या मनावर. मुलांच्या बाबतीत आपण यातलं नेमकं एकच उचललं: दार बाहेरून बंद.

बाराव्या अध्यायात वीसच श्लोक आहेत आणि विषय भक्तीचा आहे. भक्त कसा असतो, तो देवाला प्रिय का होतो, याचं ते वर्णन आहे. सुंदर आहे, मी नाकारत नाही. पण ‘यात धर्म कुठे आला’ असं म्हणायचं तर भक्तियोगातून भक्ती वजा करावी लागते. मग उरतो तो योग, आणि तो आमचे सचिव सकाळी सहाला गच्चीवर करतात. लाउडस्पीकर लावून.

राहता राहिली त्यांची नात. तिच्या उच्चारांचं काय, असं मी विचारलं. ती आयबी बोर्डाच्या शाळेत आहे. तिला हा आराखडा लागू नाही. दुसऱ्यांच्या पोरांच्या जिभेची एवढी काळजी वाहणारा माणूस मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

बाकी सबबी नेहमीच्याच. ‘आम्ही म्हटले, आमचं काय बिघडलं?’ काही बिघडलं नाही, फक्त हा प्रश्न विचारायची सवय लागली. ‘संस्कार होतात.’ होत असतील. पाठांतरात पहिले आलेले पुढे काय काय करतात ते वर्तमानपत्रात येतंच. ‘त्यांच्या मदरशांत काय चालतं ते बघा.’ बघा की. पण शेजाऱ्यानं नळ उघडा ठेवला म्हणून आपणही ठेवायचा, हा न्याय पाणीकपातीच्या उन्हाळ्यात तरी नको.

खरं तर गोष्ट सरळ आहे. संविधानाचं २८वं कलम म्हणतं की जी शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालते तिथे धार्मिक शिक्षण द्यायचंच नाही. म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा, महापालिकेची शाळा. आणि ज्या शाळेला सरकारची मान्यता किंवा अनुदान आहे, तिथे पालकाच्या संमतीशिवाय अजाण मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा प्रार्थनेत बसवायचं नाही. २००२ साली अरुणा रॉय यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं धर्मांविषयी माहिती देणं आणि धर्माचं शिक्षण देणं यांत फरक केला. माहिती द्यायला हरकत नाही, असा तो निवाडा. मला तो मान्य आहे. माझ्या मुलीला रामदास कोण, तुकाराम कोण, शेख महंमद कोण, फादर स्टीफन्सनं ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत का लिहिलं, हे शाळेत कळावं असं मला फार वाटतं. देव न मानणाऱ्याच्या घरात तर ते मुद्दाम कळायला हवं; आमच्याकडे सांगणार कोण? पण माहिती द्यायला गेलं की काय होतं तेही पाहिलंय. सप्टेंबर २०२३ मध्ये गोव्यात, दाबोळीच्या एका शाळेनं मुलांना मशीद दाखवायला नेलं तर मुख्याध्यापकच निलंबित झाले. म्हणजे ओळख करून दिली की नोकरी धोक्यात, पाठ करून घेतलं की बक्षीस.

‘मग संमती देऊ नका ना,’ असं सचिव म्हणाले. कागदावर सोपं आहे. पण संमती नाकारणार मी, आणि वर्ग सुरू असताना बाहेर चपलांच्या रांगेपाशी उभी राहणार माझी मुलगी. अकरा वर्षांच्या पोरीला अख्ख्या वर्गानं विचारायचं, ‘तू का नाही गं?’ आणि तिनं उत्तर द्यायचं ते माझं. बापाच्या मतांची फी पोरीकडून वसूल करण्याची ही पद्धत आहे. म्हणून बहुतेक निधर्मी पालक गप्प बसतात. मीही बसलोय. तिच्या शाळेत दरवर्षी सरस्वतीपूजनाचे पन्नास रुपये मागतात, मी देतो. सुट्टे देतो, एवढाच माझा निषेध.

प्रवेशाच्या वेळी अर्जात ‘धर्म’ या रकान्यात मी ‘निरंक’ लिहिलं होतं. कारकून बाईंनी चष्मा वर केला. ‘‘निरंक यादीत नाही.’’ संगणकावरची यादी त्यांनी मला वळवून दाखवली. सगळे धर्म होते, आणि शेवटी ‘इतर’. मी म्हटलं, इतर नाही, काहीच नाही. त्या म्हणाल्या, ‘‘काहीच नाही घेत नाही हो ते.’’ २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं आहे की कुठलाच धर्म नाही असं म्हणण्याचा नागरिकाला हक्क आहे आणि सरकारी अर्जात धर्म लिहिण्याची सक्ती करता येत नाही. ते मी बाईंना सांगितलं. मागे बारा पालक उभे होते. शेवटी ‘इतर’ वर तडजोड झाली.

पण गंमत पुढेच आहे. तो खटला लढवला कुणी? नास्तिकांनी नाही. येशूवर गाढ श्रद्धा असलेल्या, पण आपण ख्रिस्ती धर्माचे नाही म्हणणाऱ्या माणसांनी. राष्ट्रगीताला उभं राहू पण आमच्या श्रद्धेत बसत नाही म्हणून गाणार नाही, असं म्हणणाऱ्या केरळच्या तीन भावंडांना शाळेनं काढून टाकलं आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना पुन्हा शाळेत बसवलं. तीही यहोवाचे साक्षीदार, म्हणजे कडकडीत श्रद्धावंत. शाळेत तोंड मिटून उभं राहण्याचा आज माझ्या मुलीचा जो हक्क आहे तो देवभोळ्यांनी कमावून दिलाय. आम्ही विवेकवादी तोवर कागदी कपातून चहा पीत होतो.

आमच्या गोटाचंही काही फार कौतुक करायला नको. एका मित्रानं मला सुचवलं, श्लोकांच्या जागी आगरकरांचे उतारे पाठ करायला लावावेत, अशी हरकत पाठव! आगरकरांच्या पाठांतराची स्पर्धा! परीक्षक कोण, गुण कशाचे, आणि पहिल्या नंबराला काय देणार, डबाच ना? शंका घ्यायला शिकवणाऱ्या माणसाचे शब्द बिनशंका घोकायचे. माझ्या मुलीनं देव मानू नये ही माझी इच्छा आहे, पण ती इच्छा सरकारनं माझ्यासाठी राबवावी असं म्हटलं की मी आणि सचिव एकाच बाकावर. तसे बसलोच होतो म्हणा.

शेवटी एका रात्री हरकत लिहिली. अर्धं पान. आमच्या आईला वाचून दाखवली. ती ऐंशीची आहे, रोज पहाटे हेच श्लोक म्हणते आणि माझ्या नास्तिकपणाकडे चाळीस वर्षं सर्दी-पडशाकडे पाहावं तसं पाहते. ती रागावेल, असा माझा अंदाज होता. ती म्हणाली, ‘‘स्पर्धा कसली रे? रामाच्या नावाला नंबर कोण देणार? ते मास्तर?’’ माझ्या अर्ध्या पानात इतकं धारदार एकही वाक्य नव्हतं. मी म्हटलं, मग तूही सही कर. श्रद्धावंताची सही असली की वजन येतं, हे मी नुकतंच वर लिहिलंय.

तिनं कागद हातात घेतला, भिंग लावलं, सावकाश वाचला. सही केली नाही. ‘‘सरकारच्या भानगडीत मी पडत नाही,’’ म्हणाली. पण पेन मागून घेतलं आणि ‘धार्मीक’मधली दीर्घ वेलांटी खोडून ऱ्हस्व केली.

‘‘पाचवीत पहिला आला होतास ना?’’