दयेचे घर, न्यायाचे घर

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या अखत्यारीतील विषयांची सूची आहे. तिच्यातील सहावी नोंद सार्वजनिक आरोग्याची आहे आणि नववी नोंद अपंग व काम करण्यास असमर्थ असलेल्यांच्या साहाय्याची. म्हणजे रुग्णाला उपचार, अपंगाला आसरा आणि थकलेल्या कुटुंबाला आधार कसा द्यावा, याचा विचार राज्याच्या विधिमंडळात व्हावयाचा असतो. अर्थसंकल्पी अधिवेशनात या मागण्या मांडल्या जातात, मंजूर होतात आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर त्यांची दोन ओळींची बातमी येते. श्रद्धावंताने त्या दोन ओळींपाशी थांबावे काय? की कायदे करणे हे राज्यकर्त्यांचे काम आणि दया करणे हे आपले, अशी वाटणी करून मोकळे व्हावे?

किती रुपये द्यावेत, हा प्रश्न महत्त्वाचा खराच. परंतु त्याच्याही तळाशी एक जुना नैतिक प्रश्न आहे. दुर्बळाला जे द्यावयाचे, ते दया म्हणून द्यावयाचे की त्याचा हक्क म्हणून?

या प्रश्नाचे एक विलक्षण उदाहरण शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. योनाथानाचा पुत्र मफीबोशेथ पाच वर्षांचा असताना दाईच्या हातून पडला आणि दोन्ही पायांनी लंगडा झाला. पुढे तो लो-दबार येथे माखीराच्या घरी आश्रित म्हणून राहिला. दावीद राजाला योनाथानाच्या मैत्रीचे स्मरण झाले आणि त्याने मफीबोशेथाला बोलावून घेतले. त्याने त्याच्या आजोबांची जमीन त्याला परत दिली. ती कसण्यासाठी सीबा, त्याचे १५ पुत्र व २० चाकर नेमून दिले. आणि नित्य आपल्या पंक्तीस जेवण्याचा मान दिला. उपजीविका, मदतीला माणसे आणि सहवास, ही तिन्ही एका आज्ञेत आली. आजच्या एखाद्या तज्ज्ञ समितीलाही याहून परिपूर्ण योजना सुचणार नाही.

आपली प्रवचने बहुधा येथेच थांबतात. परंतु कथा पुढे जाते. अबशालोमाच्या बंडात राजा यरुशलेम सोडून निघाला असता सीबाने आपल्या धन्याविरुद्ध चहाडी केली, आणि दाविदाने तेथल्या तेथे मफीबोशेथाचे सर्वस्व सीबाला देऊन टाकले. राजा परतल्यावर मफीबोशेथाने आपली बाजू मांडली. आपण लंगडे असल्यामुळे चाकराने आपल्याला मागे ठेवून फसवले, असे त्याने सांगितले. राजाने दोघांना जमीन वाटून घेण्यास सांगून विषय संपवला. खरे कोण बोलत होता, याची चौकशी झाल्याचे आपल्या वाचनात येत नाही. दावीद निर्दय नव्हता. तो उदार होता. परंतु जे राजाच्या अंतःकरणावर उभे असते, ते अंतःकरण हलले की कोसळते. ज्याला पायांनी पळता येत नाही, त्याच्या पायाखालची जमीन तरी कोणाच्या मर्जीवर हलू नये, यासाठीच कायदा हवा.

यावर कोणी म्हणेल की कायदाही निष्ठुर असू शकतो. हे अगदी खरे आहे. तत्कालीन मुंबई राज्याच्या विधिमंडळाने १९५९ मध्ये भिक्षा प्रतिबंधक कायदा केला. भीक मिळविण्यासाठी जखम, व्यंग किंवा रोग दाखविणे यांचा समावेश त्याने भिक्षा मागण्याच्या व्याख्येत केला. चरितार्थाचे दिसण्याजोगे साधन नसता सार्वजनिक जागी भीक मागत असल्यासारखे वावरणे, हेही त्याच व्याख्येत आले. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे आणि पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत स्थानबद्धता. अशा माणसावर सर्वस्वी अवलंबून असलेल्यांनाही तितकाच काळ संस्थेत ठेवण्याची मुभा कायद्याने दिली. स्थानबद्ध व्यक्ती मनोरुग्ण वा कुष्ठरुग्ण आढळल्यास तिला त्या त्या आश्रमात हलविण्याची तरतूदही त्यात होती. आरोग्य, अपंगत्व, निवारा आणि कुटुंब या चारही गोष्टींचा विचार या एकाच कायद्यात झालेला दिसतो. मात्र तो विचार रस्ता मोकळा करणाऱ्याचा होता, रस्त्यावर बसलेल्याचा नव्हता. हा कायदा दिल्लीलाही लागू होता; तेथील उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये भिक्षेला गुन्हा ठरविणारी त्याची कलमे घटनाबाह्य ठरविली.

तेव्हा केवळ कायदा असून भागत नाही; तो कोणाच्या जागी बसून केला, हे पाहावे लागते. सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात ही परीक्षा सर्वांत कठीण असते, कारण तेथे भीतीला विवेकाचे वस्त्र सहज नेसवता येते. १८९८ च्या कुष्ठरुग्णांविषयीच्या कायद्याचेच पाहा. त्याने अटकेस पात्र ठरविला तो निर्धन रुग्ण. उघड्यावर भीक मागणारा किंवा चरितार्थाचे साधन नसलेला. रोगजंतू तर श्रीमंत आणि गरीब असा भेद करीत नाहीत! म्हणजे रोगाला घातलेले कुंपण प्रत्यक्षात दारिद्र्याभोवती पडले. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली, आणि कुष्ठरोग निश्चित बरा होऊ लागला. तरीही तो केंद्रीय कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडले. ओरिसात नगरपालिकेवर निवडून आलेल्या एका सदस्याला कुष्ठरोगाच्या कारणावरून अपात्र ठरविण्यात आले आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम केले. औषधाने रोग जातो. कायद्याच्या पुस्तकातून तो घालविण्यासाठी वेगळे श्रम घ्यावे लागतात.

लेवीय पुस्तकाच्या तेराव्या अध्यायातील कठोर नियम आपल्याला पाठ असतात: रुग्णाने छावणीबाहेर एकटे राहावे. परंतु त्यालाच लागून चौदावा अध्याय आहे, आणि तो सारा परतीच्या वाटेसाठी लिहिलेला आहे. बरे झालेल्याला पाहण्यासाठी याजकाने स्वतः छावणीबाहेर जावयाचे होते. गरिबाला परवडावे म्हणून अर्पणाचे प्रमाणही कमी ठेवले होते. मार्काच्या पहिल्या अध्यायात प्रभू येशू कुष्ठरुग्णाला स्पर्श करतो, आणि लगेच त्याला याजकाकडे पाठवितो. स्पर्शाने तो बरा झाला होता. मग याजकाकडे कशाला? कारण समाजाच्या दप्तरी त्याची शुद्धता नोंदली गेल्याखेरीज त्याला घर, गाव आणि सभास्थान परत मिळणार नव्हते. दया आणि दाखला ही दोन्ही प्रभूने आवश्यक मानली. आपण मात्र पुष्कळदा स्पर्शावर समाधान मानतो आणि दाखल्याचे काम दुसऱ्यावर सोडतो.

येथे तीन आक्षेप संभवतात. पहिला पैशाचा. अपंगांना त्यांच्या वस्तीत, त्यांच्या घरी साहाय्य देणे राज्याला परवडेल काय? अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या केटी बेकेट या बालिकेची हकिकत या संदर्भात उद्बोधक आहे. तान्हेपणी झालेल्या मेंदूच्या आजारामुळे ती दीर्घकाळ रुग्णालयात होती. ती तेथे असेपर्यंत शासकीय वैद्यकीय योजना खर्च सोसत होती; घरची शुश्रूषा कितीतरी स्वस्त असूनही, घरी नेताच ते साहाय्य बंद होणार होते. १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी या विसंगतीचा जाहीर उल्लेख केला, तिच्यासाठी नियम शिथिल झाला, आणि पुढच्या वर्षीच्या कायद्याने अशा मुलांना घरी साहाय्य देण्याचा पर्याय राज्यांना मिळाला. केटी २०१२ पर्यंत जगली. तिला घरापासून दूर ठेवणारी गोष्ट पैशाची टंचाई नव्हती. एका नियमाची रचना होती.

दुसरा आक्षेप असा की हे कुटुंबाचे कर्तव्य आहे. निःसंशय आहे, आणि असंख्य आया ते मुकाट्याने पार पाडीत आहेत. परंतु मतिमंद मुलाची साठीची आई रात्री जो प्रश्न स्वतःला विचारते, ‘माझ्या पश्चात याचे कोण?’, त्याचे उत्तर केवळ कर्तव्यबुद्धीत सापडत नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी आश्रमाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मरण पावले. त्यांनाही कुटुंबे होती. दुसरी वाट न दिसलेल्या कुटुंबांना आपण निष्ठुर म्हणावे, की वाट न आखणाऱ्या समाजाला? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने समाजात राहण्याचा हक्क मान्य केला आणि शासकीय घरवाटपाच्या योजनांत पाच टक्के आरक्षण ठेवले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर म्हटले आहे की, कुटुंब नाही किंवा घर नाही एवढ्याच कारणाने कोणालाही मानसिक आरोग्य संस्थेत ठेवता येणार नाही. ही शब्दांची घरे विटांची व्हावयाची, तर राज्यांनी तरतूद केली पाहिजे.

तिसरा आक्षेप आपल्याच अंतःकरणातला आहे: सारे हक्काने मिळू लागले, तर ख्रिस्ती सेवेला वाव कोठे राहील? ज्या काळी कायदा बेड्या घेऊन येत होता, त्या काळी वेल्स्ली बेली यांनी १८७४ मध्ये कुष्ठसेवेची संस्था उभारली, पुढे डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोर येथे वाकड्या झालेल्या बोटांना शस्त्रक्रियेने पुन्हा काम दिले. त्या सेवेचे मोल कमी होत नाही. परंतु संस्था देणग्यांवर चालते, आणि देणगी आटली तर तेथील रहिवाशाने कोणाकडे दाद मागावी? आपल्या आश्रमांनाही हे विचारावे लागेल: येथील माणसाला आपली खोली आतून लावून घेता येते काय? कोणाबरोबर राहावे हे ठरविता येते काय? आणि बाहेर जावेसे वाटले, तर दार उघडे आहे काय?

बंधुभगिनींनो, न्यायाने दयेचे काम संपत नाही; ते योग्य जागी येते. मफीबोशेथाची जमीन कायद्याने सुरक्षित राहावी. पंक्तीचे आसन मात्र कोणतेही विधिमंडळ मंजूर करू शकत नाही. ते आपण मांडावयाचे आहे. म्हणून यापुढे आपल्या आमदारांकडे केवळ स्मशानभूमीचा आणि रस्त्याचा अर्ज घेऊन जाऊ नये. आपल्या राज्याने दिव्यांगांच्या घरांसाठी आणि त्यांना सांभाळणाऱ्या कुटुंबांसाठी काय ठेवले आहे, हेही विचारावे. आणि त्याच रविवारी आपल्या मंदिराच्या पायऱ्यांकडे एकदा पाहावे. चाकाच्या खुर्चीतील माणूस त्या चढू शकतो काय?