अस्सल कागदाची उलटतपासणी

अमेरिकेतले यादवी युद्ध कशामुळे पेटले, याचे उत्तर पाठ्यपुस्तक दोन-तीन ओळींत उरकते. त्याऐवजी अलेक्झांडर स्टीफन्स यांचे मार्च १८६१ मधले सव्हाना इथले भाषण वर्गात वाचायला द्यावे. फुटून निघालेल्या दक्षिणेचे हे उपाध्यक्ष. काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि आमच्या राज्याची कोनशिला हीच, असे ते राजरोस सांगतात. दक्षिण हरली. त्यानंतर याच स्टीफन्स यांनी दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. त्यात भांडण मुळात राज्यांच्या हक्कांचे ठरले आणि गुलामगिरी झाली निमित्तमात्र. माणूस एक, कागद दोन्ही अस्सल. मधे फक्त एक पराभव.

म्हणून कागद अस्सल ठरला की काम संपले, असे मुलांना वाटू देता कामा नये. तो कोणी, कोणासाठी आणि कोणत्या घडीला लिहिला, हे विचारायची सवय लागली पाहिजे. २२ ऑगस्ट १८६२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांनी ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’चे संपादक होरेस ग्रीली यांना पत्र लिहिले. संघराज्य वाचवणे हाच माझा हेतू. एकही गुलाम मुक्त न करता ते साधत असेल तर तसेच करीन, असा त्याचा आशय. एवढेच वाचले तर लिंकन यांना गुलामांचे सोयरसुतक नव्हते, असा निष्कर्ष कोणीही काढेल. पण बरोबर महिनाभर आधी, २२ जुलैला, त्यांनी मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा मंत्रिमंडळापुढे वाचला होता आणि रणांगणावरच्या विजयाची वाट पाहत तो राखून ठेवला होता. पत्र खोटे नव्हे. पण ग्रीली निमित्ताला होते, मन वळवायचे होते ते देशाचे.

काही कागद बोलण्यापेक्षा गाळण्यातून जास्त सांगतात. १८५० च्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळा तक्ता होता. त्यात मालकाचे नाव आणि त्याखाली एकेका ओळीत एकेक माणूस: वय, लिंग, वर्ण. त्या माणसाच्या नावाला रकानाच नाही. शेजारी फ्रेडरिक डग्लस यांचे १८४५ चे आत्मचरित्र ठेवावे. गुलामीत जन्मलेले डग्लस सुरुवातीलाच सांगतात, की आपले नेमके वय आपल्याला ठाऊक नाही. मग तक्त्यातली वये सांगितली कोणी? हा प्रश्न एखाद्या मुलीने विचारला, की तासाचे चीज झाले.

मूळ साधने मुलांच्या हाती दिली की शिक्षक तटस्थ होतो, हा मात्र भ्रम आहे. कागद निवडतानाच त्याने निम्मे उत्तर देऊन टाकलेले असते. नुसते ग्रीलींना लिहिलेले पत्र दिले तर एक लिंकन दिसतात, नुसता १ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा दिला तर दुसरे. ही निवड झाकू नये. हेच कागद का घेतले, कोणते वगळले, हे वर्गात सांगावे आणि आपल्याच मताला अडचणीचा ठरेल असा एक तरी कागद त्यात ठेवावा. याने अभ्यासक्रम रेंगाळतो, हे खरे. एका पानात अख्खा तास जातो. घटनांचा सांगाडा उभा करायला पाठ्यपुस्तक लागतेच. पण त्या पुस्तकालाही हेच प्रश्न विचारता येतात आणि पुढे वर्तमानपत्राला, नेत्याच्या भाषणाला, खुद्द शिक्षकालाही. तसे ते विचारले गेले तर शिक्षकाने रागावू नये. शिकवलेले लागू पडल्याची ती खूण आहे.