निष्ठा कोणाशी?

भंडारा जिल्ह्यातील शंकरपटाचा धुरकरी असो वा फॉर्म्युला वनचा चालक, मालक डबघाईस आला की एकच प्रश्न उभा राहतो: निष्ठा म्हणजे मौन आहे काय?

जुलै 2018 मध्ये फोर्स इंडिया संघ कर्जात बुडत असताना त्याचा तरुण चालक सर्जिओ पेरेझ याने थकित मानधनाच्या आधारे लंडनच्या न्यायालयात धाव घेतली. हेतू संघ वाचविण्याचा होता, असे त्याने सांगितले. नवे मालक आले, 400 हून अधिक कर्मचाऱ्यांची रोजी वाचली आणि पेरेझ त्याच संघात राहिला.

पवित्र कुरआन (4:135) न्यायावर ठाम राहण्याची आज्ञा देतो, मग तो स्वतःच्या वा आप्तांच्या विरुद्ध का जाईना. मालकाची प्रतिष्ठा झाकणे ही निष्ठा नव्हे. सहकाऱ्यांची भाकर ही अमानत आहे. गप्प बसण्यापूर्वी आपण तिचा विचार करतो काय?