बीडचा हिवाळा आणि पाहण्याचा प्रश्न

छायाचित्र काढणारा माणूस दृश्य घडवतो, की आधीच असलेले दृश्य उचलून घेतो, हा वाद छायाचित्रणाइतकाच जुना आहे. चित्रकाराच्या बाबतीत तो फारसा उद्भवत नाही. कोऱ्या कागदावर रेघ ओढणाऱ्याने काहीतरी नवे केले, हे उघडच असते. कॅमेऱ्यापुढचे झाड मात्र कॅमेरा नसता तरी तिथेच उभे राहिले असते. मग छायाचित्रकाराची प्रतिभा नेमकी कुठे असते? हौशी छायाचित्रकाराकडे ना हिमशिखर असते ना वाघ, त्यामुळे त्याच्यापुढे हा प्रश्न जास्त टोकदार होतो. घर, गल्ली, रान आणि आठवडी बाजार एवढेच त्याचे जग. बीड जिल्ह्याचा हिवाळा हा प्रश्न तपासायला सोयीचा आहे. त्या दिवसांत इथला प्रकाश उत्तम असतो, विषय अगदी रोजचे असतात आणि पाहणे म्हणजे काय याचा विचार करणाऱ्या जुन्या परंपरा याच जिल्ह्यात रुजलेल्या आहेत.

प्रकाशाचे कारण भूगोलात आहे. बीड शहर साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे. मे महिन्याच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य इथे भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला तोच सूर्य मध्यान्हीसुद्धा क्षितिजापासून ४७-४८ अंशांच्या वर चढत नाही. उभ्या माणसाची दुपारची सावली त्याच्या उंचीच्या सुमारे नऊ-दशांश असते. दिवस जेमतेम ११ तासांचा, पण तो जवळजवळ सगळा तिरप्या उन्हाचा. तिरपे ऊन पृष्ठभाग उठवून दाखवते: नांगरटीतली ढेकळे, बाजेचा सुंभ, सारवलेल्या भिंतीवर उमटलेली बोटे, ज्वारीच्या पानाची शीर. उन्हाळ्यात छायाचित्रकाराला सकाळी नऊलाच गाशा गुंडाळावा लागतो. पौषात दिवसभर काम करता येते. त्यात गोदावरी, सिंदफणा आणि मांजरा यांच्या काठाला किंवा माजलगावच्या धरणाजवळ पहाटे धुई उतरली, तर दूरचे सारे पुसले जाऊन जवळचे तेवढे उरते. चौकटीतून नको ते वगळण्याची छायाचित्रकाराची निम्मी मेहनत तिथे हवामानच करून टाकते.

या उजेडात दिसते ते सगळे नेहमीचेच. ज्वारी हुरड्यात आलेली असते, हरभरा घाट्यांत, करडई पिवळ्या-केशरी फुलांवर. तुरीच्या पेंढ्या खळ्यावर येऊन पडतात. पारावर सकाळची शेकोटी, उन्हाकडे पाठ करून बसलेली म्हातारी माणसे, आगटीतून काढून हातावर चोळलेली गरम कणसे. बीड शहरात कंकालेश्वराचे चालुक्यकालीन मंदिर कुंडाच्या पाण्यात उभे आहे, आणि वारा पडलेल्या सकाळी ते दोनदा दिसते. अंबाजोगाईत मार्गशीर्षात योगेश्वरीचा नवरात्रोत्सव भरतो आणि पौर्णिमेला संपतो. पुढे अमावस्येला जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या भागात वेळ अमावस्या होते: कडब्याची खोप, आत पांडव म्हणून मांडलेले दगड, भज्जी, आंबील आणि रानात जेवायला आलेले सारे घर.

उत्सवाची छायाचित्रे सगळेच काढतात आणि ती बहुधा एकसारखी निघतात. प्रेरणेचा खरा प्रश्न उत्सव नसलेल्या दिवशी येतो. सवयीने डोळा वस्तू ओळखतो आणि पुढे जातो. बाज म्हणजे बाज, एवढे कळले की पाहणे थांबते. संस्कृत साहित्यशास्त्राने प्रतिभेचा जो विचार केला, तो इथे उपयोगी पडतो. अकराव्या शतकातल्या मम्मटाने काव्याचे कारण म्हणून जन्मजात शक्ती, लोकव्यवहाराच्या व शास्त्राच्या निरीक्षणातून येणारी निपुणता आणि जाणकारांच्या हाताखाली केलेला अभ्यास, असे तिन्ही एकत्र धरले. सतराव्या शतकातल्या जगन्नाथ पंडिताने मात्र केवळ प्रतिभेलाच कारण मानले. हौशी छायाचित्रणाचा अनुभव मम्मटाकडे झुकतो. एकच बोरीचे झाड कोणी हिवाळाभर टिपत राहिला, तर पहिल्या काही दिवसांत कॅलेंडरावर शोभतील अशी चित्रे निघतात आणि मग कंटाळा येतो, कारण जे आधीपासून ठाऊक होते ते संपलेले असते. त्यानंतरही जो त्या झाडाकडे जातो, त्याला सावलीची बदलती लांबी, बोरे वेचायला येणाऱ्या पोरांच्या वेळा, खोडाला अंग घासणाऱ्या शेळीने गुळगुळीत केलेली साल दिसू लागते. हे आधी दिसत नव्हते, आणि तरीही ते तिथेच होते. ‘घडवणे की उचलणे’ या वादाची धार इथे बरीच बोथट होते.

बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात कलाकृतीची रचना संवाद, विरोध आणि समतोल या लयीच्या तत्त्वांनी समजावली. छायाचित्राला ही कसोटी सरळ लागू पडते. धुईतल्या करड्या शेतात लाल शालीचा एक ठिपका हा विरोध. बाजेच्या विणीची आणि तिच्या सावलीची एकमेकींत मिसळलेली जाळी हा संवाद. पण मर्ढेकरांची कसोटी चित्र तयार झाल्यावर लावता येते. चित्राकडे पाऊल कशाने वळते, हे ती सांगत नाही.

त्याचे उत्तर अंबाजोगाईच्या दासोपंतांच्या (१५५१–१६१५) एका कृतीत अधिक ठसठशीत सापडते. सव्वा लाख ओव्यांच्या ‘गीतार्णवा’साठी प्रसिद्ध असलेल्या या संतकवीने वेदान्तातला पंचीकरणाचा विषय कागदावर न लिहिता एका पासोडीवर लिहिला. पासोडी म्हणजे थंडीत पांघरायचे जाडेभरडे कापड. दासोपंतांची पासोडी सुमारे चाळीस फूट लांब आहे आणि तिच्यावर ओव्यांबरोबर आकृत्याही आहेत. विषय आणि वस्तू यांची ही जोडी विचार करण्यासारखी आहे. पंचीकरणाचा सिद्धान्त सांगतो की स्थूल जगात कोणतेही महाभूत शुद्ध सापडत नाही. प्रत्येकात अर्धा भाग स्वतःचा आणि उरलेल्या चारांचा प्रत्येकी एक-अष्टमांश मिसळलेला असतो. जो असा विचार करतो त्याला पांघरुणात ग्रंथ दिसणे फारसे नवलाचे नाही. हौशी छायाचित्रकाराचेही काम याच जातीचे आहे. शेकोटीचे चांगले छायाचित्र निव्वळ आगीचे नसते. त्यात गोवरीचा धूर असतो, ओलसर हवा असते, हात पुढे केलेल्या माणसाच्या पाठीवरची थंडीही असते. नवशिके ज्वाळेवर रोख धरतात आणि त्यांचे चित्र फसते.

दुसरी परंपरा महानुभाव पंथाची. गेवराई तालुक्यात गोदावरीकाठचे पांचाळेश्वर हे पंथाचे मोठे तीर्थ आहे. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकात ‘लीळाचरित्रा’त गोळा केल्या, तेव्हा त्यांनी चमत्कार आणि तत्त्वज्ञान यांच्याच पंगतीला अगदी साधे प्रसंग बसवले: कुठे मुक्काम झाला, काय खाल्ले, कोण काय बोलले, वाटेत काय भेटले. पंथाच्या ‘स्थानपोथी’त स्वामी कुठे बसले, ती जागा कोणत्या दिशेला, शेजारी काय, अशा नोंदी आहेत. मूर्तिपूजा न मानणाऱ्या या पंथाने पवित्रता जागेच्या आणि क्षणाच्या तपशिलात शोधली. एखादा सामान्य ओटा नेमका नोंदवून ठेवणे ही भक्तीची कृती होऊ शकते, हे मराठी माणसाला कॅमेरा येण्यापूर्वी साडेपाचशे वर्षे ठाऊक होते. फरक एवढाच की म्हाइंभटांना तो क्षण का महत्त्वाचा हे आधीच माहीत होते. छायाचित्रकाराला ते बहुधा नंतर कळते, आणि कित्येकदा कळतच नाही.

तिसरा विचार साक्षीचा. मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईजवळ दाखवतात. त्यांच्या ‘विवेकसिंधू’ची रचना परंपरेने शके १११० म्हणजे इ. स. ११८८ ची मानली जाते, अभ्यासकांत त्याबद्दल मतभेद आहेत. अद्वैत वेदान्ताची या ग्रंथाने मराठीत मांडणी केली. त्या विचारात पाहणारा आणि पाहिले जाणारे यांचा विवेक मूलभूत आहे: डोळ्याला रूप दिसते, मनाला डोळा कळतो, आणि मनाच्या चढउतारांचाही जो साक्षी, तो स्वतः कधीच दृश्य होत नाही. कॅमेऱ्यामागे उभा असलेला, चित्रात कधीच न येणारा माणूस पाहिला की ही उपमा सहज सुचते, आणि छायाचित्रणाला ध्यान म्हणणारे लेखन तिचा भरपूर वापर करते. उपमा मात्र अर्ध्यावर तुटते. वेदान्तातला साक्षी काही निवडत नाही. छायाचित्रकार निवडीवाचून काहीच करू शकत नाही. त्याचे यंत्रही तटस्थ नसते. आपोआप उजेड मोजणारा कॅमेरा समोरच्या दृश्याला सरासरी करड्या छटेकडे ओढतो, म्हणून पांढरी धुई चित्रात मळकट उतरते आणि उजेड हाताने वाढवावा लागतो. रात्रीच्या छायाचित्रणासाठी फोन अनेक चौकटी एकावर एक रचून अंधार उजळवतो. शेकोटीभोवती जो काळोख डोळ्यांनी अनुभवलेला असतो, तो चित्रात उरतच नाही. हे कळलेला हौशी माणूस यंत्राशी भांडू लागतो. आपण खरोखर काय पाहिले, हे त्याला स्वतःलाच विचारावे लागते. छायाचित्रणात आत्मपरीक्षणाचा काही अंश असेल, तर तो साक्षीभावापेक्षा या भांडणात शोधावा.

धर्माच्या बाजूने एक आक्षेपही आहे. हिंदू दर्शनाच्या कल्पनेत भक्त देवाला पाहतो आणि देव भक्ताला पाहतो. नजर दोन्हीकडून जाते. कॅमेरा मध्ये आला की ही देवघेव एकतर्फी होते. अनेक देवळांच्या गाभाऱ्यांत छायाचित्रणाला मनाई असते, तिच्यामागे सुरक्षा आणि गर्दी ही कारणे असतातच, पण हाही संकोच असतो. बीडमध्ये मुस्लिम वस्तीही मोठी आहे, आणि इस्लामी परंपरेत सजीवांच्या प्रतिमेचा प्रश्न अधिक थेटपणे चर्चिला गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल्-मुतीई यांनी छायाचित्र म्हणजे नवी निर्मिती नसून केवळ सावली अडवून ठेवणे आहे, असा युक्तिवाद करून त्याला परवानगी दिली. भारतीय उपखंडातल्या अनेक उलेमांना तो पटला नाही. गंमत अशी की या युक्तिवादाने छायाचित्रकार निर्दोष ठरतो, पण कलावंत उरत नाही. निर्माता म्हणवून घ्यायचे तर निर्मात्याची जबाबदारीही घ्यावी लागेल.

ही जबाबदारी बीडच्या हिवाळ्यात फार नेमकी आहे. दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातले काही लाख ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या फडांवर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. कारखाना बंद होईपर्यंत मुक्काम कोप्यांत, तात्पुरत्या झोपड्यांत. म्हणजे प्रकाश सर्वांत सुंदर असतो त्याच महिन्यांत जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरांतली कितीतरी गावे अर्धी रिकामी असतात. उन्हाकडे पाठ करून बसलेल्या म्हाताऱ्यांचे आणि अंगणातल्या लहान मुलांचे जे चित्र इतके हळवे वाटते, त्यातली मधली पिढी चौकटीबाहेर का आहे, हे चित्र सांगत नाही. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात कलाविचाराचे दोन ध्रुव दाखवले: कलेला इतर जीवनापासून स्वायत्त मानणारा अलौकिकतावाद आणि तिला जीवनाच्याच मूल्यांनी जोखणारा लौकिकतावाद. बीडमधल्या हिवाळी छायाचित्राला पहिला ध्रुव पुरत नाही. कुलूप घातलेल्या दारावरचे तिरपे ऊन रचना म्हणून निर्दोष असेल. ते दार कोणत्या कारणाने बंद आहे हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला ते नुसती रचना म्हणून पाहता येणार नाही, आणि पाहता येऊही नये.

हौस हीसुद्धा इथे नवी गोष्ट आहे. १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होते. त्या राज्यातले सर्वांत नामवंत छायाचित्रकार राजा दीनदयाळ हे सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार होते. राजवाडे, शिकारी आणि शाही पाहुणे हे त्यांचे प्रमुख विषय. सामान्य घरात छायाचित्र यायचे ते लग्नाचे, नाहीतर गेलेल्या माणसाचे. आता फोन मजुराच्याही हातात आहे. फडावरची पहाट, मोळ्यांनी भरलेली गाडी, कोपीपुढची चूल यांची चित्रे कोयत्यावर गेलेलीच माणसे काढून गावाकडे पाठवू शकतात. ती कलेच्या हेतूने काढलेली नसतात, पण चौकटीबाहेर राहिलेली मधली पिढी त्यांत असते.

गावात राहिलेल्या हौशी छायाचित्रकारापुढे त्यामुळे एक साधी अडचण उरते. गाळप संपून कारखान्यांचा पट्टा पडतो तो मार्च-एप्रिलच्या सुमारास. माणसे परततात, दारे उघडतात, गाव भरते. तोवर ज्वारी निघालेली असते, करडई वाळलेली असते आणि एप्रिलच्या मध्यावर दुपारचा सूर्य ८० अंशांवर चढून चेहऱ्यांवर डोळ्यांच्या खोबणींच्या काळ्या सावल्या पाडू लागतो. पुरे गाव टिपायचे असेल त्याला ते या वाईट उजेडातच टिपावे लागते: झाडाखाली, ओसरीत, किंवा सकाळी आठच्या आत.