पुसलेलं आणि हरवलेलं

गेल्या दिवाळीत घरी, कारंज्याला गेले, तेव्हा चिवड्याची बशी यायच्या आधी माझ्यासमोर एक काळा डबा आला. ओळखीतल्या फोटो स्टुडिओवाल्या काकांचा नॅस. नॅस म्हणजे चार हार्ड डिस्क मावतील असा, राउटरला जोडलेला छोटासा कॉम्प्युटर. दुकानातल्या सगळ्या मशीन त्याच्यावरच फोटो ठेवतात. 2013 पासूनची गावातली लग्नं, साक्षगंध, बारशी, शाळांचे निरोप समारंभ, सगळं त्यात होतं. आणि आता त्यातलं काहीच उघडत नव्हतं.

"तू काम्पुटरचीच इंजिनिअर हायेस नं? मंग पाय बरं," काका म्हणाले.

मी पुण्यात एका पेमेंट ॲपचं बॅकएंड लिहिते. डिस्क वाचवणं हे माझं काम नाही. पण दिवाळीत घरी आलेल्या इंजिनिअरने असं म्हणून सुटका होत नाही. आत्याचा प्रिंटरही दरवर्षी माझ्याच वाट्याला येतो. मुंबईच्या एका कंपनीने सांगितलेला आकडा ऐकून काकांनी फोन ठेवून दिला होता, त्यामुळे मी नाही म्हटलं असतं तर तो डबा भंगारात गेला असता.

काकांचा समज होता की चार डिस्का म्हणजे चार कॉप्या. तसं नसतं. या रचनेला रेड म्हणतात. 1988 साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी ती कल्पना एका पेपरमध्ये मांडली. एक महागडी मोठी डिस्क घेण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त डिस्का एकत्र बांधा, आणि त्यातली एखादी मरणारच हे आधीच धरून चाला. काकांच्या डब्यात त्यातला पाचवा प्रकार होता. समजा तिघांनी आपापल्या मनात एकेक आकडा ठेवला आणि चौथ्याने त्या तिघांची फक्त बेरीज लिहून ठेवली. कुणीही एक जण निघून गेला, तरी उरलेल्यांवरून त्याचा आकडा काढता येतो. दोघे गेले, की संपलं. (प्रत्यक्षात बेरीज नसते, एक्सॉर असतं, आणि ते लिहायचं काम चौघांत फिरत राहतं. पण हिशोब हाच.)

तिसरी डिस्क जूनमध्येच गेली होती. "मशीन तवापासून वरडतच व्हती. मले वाटलं यूपीएस हाय." चार महिने उरलेल्या तिघी तिचा आकडा काढून देत राहिल्या, फोटो उघडत राहिले, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. मग दिवाळीच्या तोंडावर दुसरीचे सेक्टर खराब व्हायला लागले.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे काहीच न करणं. 'रिबिल्ड'चं बटण दाबायचं नाही, मूळ डिस्कवर एक अक्षर लिहायचं नाही. मी चारही डिस्कांवर मार्करने नंबर टाकले आणि दुसरी डिस्क डीडीरेस्क्यूला लावली. तो आधी सहज वाचता येणारं सगळं नव्या डिस्कवर उतरवून घेतो आणि खराब जागांकडे नंतर पुन्हा पुन्हा वळतो. तीन दिवस लागले. मधे दोनदा लाइट गेली, इन्व्हर्टरने लाज राखली. मग पहिली, चौथी आणि दुसरीची कॉपी अशा तिघी जोडून, फक्त वाचण्यापुरतं, सगळं उघडलं. बहुतेक फोल्डर नावानिशी परत आले. काका खुर्चीवरून उठून बायकोला फोन करायला बाहेर गेले, ते बराच वेळ आत आले नाहीत.

काही फोल्डर मात्र रिकामे निघाले. त्यांची यादी खराब सेक्टरमध्ये गेली होती. त्यांच्यासाठी मी फोटोरेक चालवला. हा प्रोग्राम नावं, फोल्डर, तारखा यांच्याकडे बघतच नाही. तो डिस्कचा एकेक तुकडा वाचत जातो आणि जेपेग फोटोच्या सुरुवातीला असतात तेच बाइट दिसले की म्हणतो, हा फोटो. बाहेर येतात त्या हजारो बेनाव फाइली, नुसता एफ आणि पुढे आकडा.

त्यांच्यात एक लग्न होतं. रिकाम्या निघालेल्या कुठल्याच फोल्डरमधलं ते नव्हतं. नवरी दिसली आणि मी ओळखलं. माझ्या मैत्रिणीची मोठी बहीण, आम्ही तिला ताईच म्हणायचो. लग्न 2017 चं, दोन वर्षांत मोडलं. का, ते इथे सांगण्याचा मला अधिकार नाही. 2019 मध्ये ती स्वतः स्टुडिओत आली होती आणि काकांच्या शेजारी उभी राहून तिने तो फोल्डर डिलीट करायला लावला होता. काकांना तो दिवस आठवत होता. "म्या तिच्या समोरच पुसलं व्हतं," ते म्हणाले, आणि खोटं काहीच बोलत नव्हते.

डिलीट केल्यावर फक्त यादीतलं नाव जातं आणि ती जागा रिकामी म्हणून नोंदली जाते. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत फोटो तिथेच असतो. हे मला कॉलेजपासून माहीत आहे, परीक्षेत लिहिलेलं आहे. पण फोटोरेकला हरवलेलं आणि पुसलेलं यातला फरक कळत नाही, याचा अर्थ काय होतो, ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मी ते सगळे फोटो तिथल्या तिथे उडवले असते आणि हा लेख झाला नसता. पण डब्यातलं परत येतंय ही बातमी गावात फिरली होती, आणि दुसऱ्याच दिवशी एक जण दुकानात आला. त्याचे वडील 2021 मध्ये कोरोनात गेले. आधार कार्डावरचा सोडला तर घरात त्यांचा धड फोटो नव्हता. "त्या लग्नात बाबाचा एक मस्त फोटो निंगाला व्हता, फेटा घालून हासत व्हते. तेवढा भेटते का?" तो त्याच लग्नाबद्दल बोलत होता. काका म्हणाले, ते तर कवाचंच पुसलं. माझ्या लॅपटॉपवर तो फोटो होता. मी काही बोलले नाही.

कायद्यात बघितलं तर आणखीच गंमत. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. म्हणजे बहुधा ताईचे वडील, कारण बिल त्यांनी भरलं. ताई नाही, काका नाहीत, फेटेवाले आजोबा तर नाहीतच. 2014 साली युरोपातल्या न्यायालयाने एका स्पॅनिश गृहस्थाचा विसरलं जाण्याचा हक्क मान्य केला. कोस्टेहा गोन्झालेस हे त्यांचं नाव आता कायद्याच्या प्रत्येक पुस्तकात आहे, हा त्यातला विनोद. आपल्याकडेही 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती पुसून मागण्याचा हक्क आला. पण एकाच फोटोत दोन माणसं असतील, एकाला तो पुसायचा असेल आणि दुसऱ्याचा तो एकमेव असेल, तर काय करायचं, हे मला यातल्या कशातून कळलं नाही.

कारंज्यात वाढलेल्या माणसाला या प्रश्नावर एक सोयीचं उत्तर लगेच आठवतं. गावात सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशा तीन जुन्या जैन परंपरांची मंदिरं आहेत आणि त्यांच्या हस्तलिखितांमुळे अपभ्रंश साहित्याच्या अभ्यासकांना आमचं गाव माहीत असतं. पण मला आठवली ती षट्खंडागमाची गोष्ट. दिगंबर जैनांचा हा प्राचीन सिद्धांतग्रंथ आणि त्यावरची वीरसेनांची धवला टीका शतकानुशतकं एकाच ठिकाणी उरली होती, कर्नाटकात मूडबिद्रीला, ताडपत्रांवर. दर्शन मिळे, वाचायला मिळत नसे. 1896 च्या सुमारास नक्कल करायला परवानगी मिळाली, तीही नक्कल मूडबिद्रीतच राहावी म्हणून. नक्कल करणाऱ्यांत गजपती उपाध्याय होते. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंच्या मदतीने गुपचूप आणखी एक प्रत करून ठेवली, आणि ती सहारनपूरला विकली गेली. तिथे तिची देवनागरी करणाऱ्या सीताराम शास्त्रींनीही स्वतःपाशी एक प्रत ठेवून घेतली. तिच्यावरून निघालेल्या प्रती गावोगाव गेल्या. त्यातली एक अमरावतीला आली, एक बिहारात आराला गेली, एक आमच्या महावीर ब्रह्मचर्याश्रमात. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हीरालाल जैन यांनी या तीन गावच्या प्रती समोर ठेवून संपादन केलं आणि 1939 मध्ये पहिला खंड छापून आला.

म्हणजे न विचारता केलेल्या कॉपीची कॉपी माझ्या गावात आहे आणि तिच्याबद्दल सगळ्यांना आनंदच आहे. राखणदारांना विचारलं असतं तर ते नाहीच म्हणाले असते. मग मी कशाला विचारू? त्या मुलाला पेनड्राइव्हवर एक फोटो द्यायचा, कुणाला कळणार?

फोटोरेक अजून चालू होता आणि हे गणित मला दोन दिवस पटत होतं. मग पटेना. गजपतींनी फसवलं ते राखणदारांना. ग्रंथ ज्यांनी रचला त्यांना फसवलं नाही. परंपरा सांगते की धरसेनाचार्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोघांना बोलावून शिकवलं ते ज्ञान लोपत चाललंय या काळजीनेच. म्हणजे ते टिकावं ही मूळची इच्छाच होती. ताईची इच्छा नेमकी उलटी होती आणि तिने ती दुकानात उभं राहून सांगितली होती. शिवाय ती राखणदार नव्हती, फोटोत ती स्वतः होती.

आणि त्या गोष्टीचा पुढचा भाग लोक कमी सांगतात. नकलेवरून नक्कल होताना शब्द गळतात. 93 व्या सूत्रात 'संजद' हा शब्द गळलेला दिसतो, असं संपादकांनी आजूबाजूच्या मजकुरावरून ताडून तळटीप दिली. उरलेल्या तिघांवरून चौथ्याचा आकडा काढावा तसंच. शब्द छोटा, पण स्त्रियांना पूर्ण संयम असू शकतो की नाही, हा वाद त्याच्यावर उभा होता, त्यामुळे भांडण मोठं झालं. पुढे मूडबिद्रीच्या मंडळींनी ताडपत्रांशी ताडून पाहू दिलं तेव्हा शब्द तिथे सापडला. चोरून ग्रंथ मिळाला होता. हा एक शब्द मिळायला मात्र परवानगी लागली.

मला विचारायला जड जात होतं ते वेगळ्याच कारणाने. विचारणं म्हणजे तिला सांगणं, की तू पुसलंस ते पुसलं गेलं नव्हतं. सहा वर्षं तो फोल्डर संपलाय या समजुतीवर ती जगली. मी फोन केला की ती समजूत मोडणार, आणि ती परत जोडायचं कुठलंही सॉफ्टवेअर नाही. न विचारता दिलं तर तिची फसवणूक. विचारलं तर तिला त्रास, आणि तो तिने मागितलेला नाही. सगळं गुपचूप उडवावं, तर त्या मुलाचा बाप मी दुसऱ्यांदा घालवला. आजोबांनी काही स्वतःचा फोटो पुसायला सांगितला नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी मैत्रिणीकडून नंबर घेतला. ताई आता नागपूरला असते. मी जे झालं ते सरळ सांगितलं, डिस्क कशी गेली, फोटोरेक काय करतो, कोण आलं होतं. ती बराच वेळ बोलली नाही. मग विचारलं, "तू पाहिलेस?"

"काही पाहावे लागले, ताई. ओळखेपर्यंत."

"माझे?"

"हो."

पुन्हा शांतता. मागे कुकरची शिट्टी झाली. मग ती त्या आजोबांबद्दल बोलायला लागली. हळदीच्या दिवशी त्यांनी बँडवाल्याशी हुज्जत घालून आपल्या आवडीचं गाणं दोनदा वाजवायला लावलं होतं. हे ती हसत सांगत होती. ते गेल्याचं तिला माहीत नव्हतं.

"दे त्याला," ती म्हणाली. "मी असेन त्यात तर कापून दे. बाकीचं पूस. आणि या वेळेस खरं पूस, पुसलं की मला सांग."

खरं पुसायला वेळ लागतो. प्रत्येक जागेवर काहीतरी दुसरं लिहावं लागतं. बाकीच्या गावाचे फोटो आधी दोन ठिकाणी उतरवून घेतले, त्यातलं एक ठिकाण दुकानाबाहेर, काकांच्या घरच्या कपाटात. मग एकेका डिस्कवर पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यं लिहायला लावली. चार टीबीची एक डिस्क आठ तास घेते. मेलेली तिसरी शून्यं घेईना, तिच्या चकत्या मी काकांच्या हातोडीने वाकवल्या. माझ्या लॅपटॉपवरचं फोल्डरही तसंच घालवलं.

कापताना आजोबांच्या खांद्यावर एक हात राहत होता, हिरवा चुडा भरलेला. कोपरापर्यंत कापला तर त्यांचा फेटा अर्धा जात होता. मी ताईला तेवढा तुकडा व्हॉट्सॲपवर पाठवून विचारलं, हात राहू दे का. निळ्या खुणा आल्या. उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं, मी पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये होते तेव्हा. "राहू दे. हात कुणाचाही असू शकतो."