पंगतीतील पान कोणाचे?

भूक लागली की माणसाने जेवावे, इतका हा सरळ व्यवहार. परंतु अन्नापेक्षा जेवणाची जागाच दुर्मिळ झाली, की भुकेचा प्रश्न मागे पडतो आणि न्यायाचा प्रश्न पुढे येतो. पाने थोडी आणि दारात उभी असलेली माणसे हजार, तर पान कोणाला वाढावे? अमेरिकेतील नामांकित उपाहारगृहांच्या आरक्षणाकडे पाहिले, तर या प्रश्नाची तीन उत्तरे आपल्याला दिसतात.

पहिले उत्तर ओळखीचे. न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेम भागात १८९६ पासून 'राओज' नावाचे इटालियन उपाहारगृह आहे. टेबले अवघी दहा. १९७७ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्याची वाखाणणी केली आणि गर्दी लोटली. तेव्हा नेहमीच्या गिऱ्हाइकांना ठरावीक वारी ठरावीक टेबले नेमून देण्यात आली. नाव होण्यापूर्वी जे आले त्यांना विसरू नये, ही भावना उदात्तच. परंतु कृतज्ञतेचे वतन झाले की नवख्याला दार कायमचे बंद होते.

दुसरे उत्तर पैशाचे. उपाहारगृहाने विनामूल्य दिलेली आरक्षणे काही जण संगणकाच्या साहाय्याने आधीच बळकावू लागले आणि चढ्या दराने विकू लागले. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क राज्याने उपाहारगृहाच्या संमतीवाचून आरक्षणे विकणाऱ्या मध्यस्थांना मज्जाव करणारा कायदा केला. कोणी म्हणेल, 'ज्याला हौस अधिक त्याने अधिक मोजले, यात बिघडले कोठे?' परंतु पैशाने हौस मोजली जात नाही, खिसा मोजला जातो. आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी वर्षभर पैसे साठवणाऱ्या शिक्षकाची हौस धनिकाहून उणी कशी म्हणावी? शिवाय, आरक्षण म्हणजे यजमानाने पाहुण्याला दिलेला शब्द. दुसऱ्याचा शब्द आपण कोणत्या अधिकाराने विकावा?

तिसरे उत्तर चिठ्ठीचे. मेन राज्यातील फ्रीडम या लहानशा गावी, एका जुन्या गिरणीत 'द लॉस्ट किचन' हे उपाहारगृह आहे. २०१७ साली आरक्षण खुले होताच तेथे फोनचा भडिमार झाला. म्हणून २०१८ पासून इच्छुकांकडून साधी पोस्टकार्डे मागवून त्यांतून निवड करण्याची प्रथा सुरू झाली. नशीब आंधळे असते, हा त्यावरील आक्षेप. परंतु येथे ते आंधळेपणच गुणाचे ठरते. ज्याचे कार्ड निघाले त्याला गर्व करता येत नाही. ज्याचे राहिले त्याला अपमान वाटण्याचे कारण नाही.

अर्थात, हा न्याय मेजवानीपुरताच. उपाशी माणसांत भाकरी वाटताना चिठ्ठ्या टाकणे हे क्रौर्य होय. तेथे गरज पाहिलीच पाहिजे. जेथे कोणाचीच गरज दुसऱ्याहून मोठी नाही, तेथे मात्र चिठ्ठीइतका निर्मळ मार्ग आम्हांस दिसत नाही.

जागा मिळाल्यावरही एक प्रश्न स्वतःला विचारण्याजोगा उरतो. उद्या हेच टेबल सर्वांना सहज मिळू लागले, तर आपला आनंद तेवढाच राहील काय? राहिला, तर आपल्याला जेवण हवे होते. न राहिला, तर इतरांना ते मिळू नये, एवढेच हवे होते. आणि ती भूक कोणत्याही पंगतीत भागत नाही.