बोहारणीची पारख

इमारत पुनर्विकासाला गेली, बिल्डरनं जागा रिकामी करायला तारीख दिली आणि माईंच्या सामानाची पहिल्यांदाच मोजदाद झाली. मुलानं ती टेम्पोंमध्ये केली. फर्निचर, भांडी, पुस्तकं आणि चौघांचे कपडे मिळून एक टेम्पो. एकट्या माईंचे दोन. भाड्यानं घेतलेली जागा दोन खोल्यांची.

पोटमाळ्यावर लोकर, पलंगाखाली ट्रंका, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत बटणं. रुखवतासाठी जमवलेले मणी नि टिकल्या, काचेच्या नळ्यांची अर्धी राहिलेली तोरणं, भरतकामाच्या दोऱ्यांच्या लडी, आठपासून चौदा नंबरपर्यंतच्या विणायच्या सुया. शिवाय सासूबाईंची नऊवारी लुगडी, यजमानांचे कोट, मुलांची झबली-टोपडी. प्रत्येक वस्तूला एखादं माणूस चिकटलेलं, नाहीतर एखादा बेत. मला विचाराल तर बेत जास्त चिवट. गेलेल्या माणसाचे निदान दिवस तरी होतात. न विणलेल्या स्वेटरचा फक्त मुहूर्त पुढे सरकतो.

"आई, हे लागणार आहे का?" सून एकेक वस्तू धरून विचारायची.

"लागतं गं कधीतरी."

सुनेनं वाद घातला नाही. तिला पानशेतची गोष्ट ठाऊक होती. 12 जुलै 1961च्या सकाळी पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचंही टिकलं नाही आणि मुठा पेठांमध्ये शिरली. माई तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या, वाडा शनिवारात. वडिलांनी सगळ्यांना हाताला धरून उंचावर नेलं. पाणी ओसरल्यावर परत आले तेव्हा वाड्याच्या जागी चिखल नि वासे. आईचं शिवणाचं मशीन, लग्नातले शालू, बाहुल्या, काहीच नाही. हाताशी आलेलं सोडायचं नाही, हे माई त्या वयात शिकल्या आणि पुढे साठ वर्षं त्यांनी ते मोडलं नाही.

शेवटी सुनेनं दुपारी बोहारणीला वर बोलावलं. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, खांद्याला गाठोडं. माईंनी जीव घट्ट करून पहिली ट्रंक उघडली. आपण नको म्हणेपर्यंत ही बाई ओढून नेणार, अशी त्यांची भीती होती.

झालं उलटंच. बोहारणीनं वरचा शालू घेतला, दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून हलकेच ताणला. घडीच्या रेषेवर तो सरळ फाटत गेला. "घडी मोडली न्हाई कदी," ती म्हणाली आणि बाजूला ठेवला. "जर खरी असंल तर सोनाराला दावा." कोटांना कसर लागली होती, डांबराच्या गोळ्या कधीच उडून गेल्या होत्या. लोकरीची लड उचलली तर हातात तुकडे आले. लाल दोरा तिनं बोटाला गुंडाळून ओढला, तट्कन तुटला. इलॅस्टिक ताणलं ते परत आखडलंच नाही. ट्रंकेमागून ट्रंक उघडत गेली आणि बोहारीण मान हलवत गेली.

"अहो, सगळं कोरं आहे!" माई कळवळून म्हणाल्या.

"म्हनून तर गेलं माई. अंगावर असतं तर धुतलं असतं, उन्हात पडलं असतं."

सासूबाईंची सुती लुगडी मात्र तिला आवडली. वापरून मऊ झालेली, पण धड. त्यांच्याखाली एक फ्रॉक निघाला, पिवळट पडलेला, छातीवर स्मॉकिंगचं काम. तिनं तोही ताणून पाहिला. "हा चांगलाय. घेते."

"तो नाही," माई म्हणाल्या. पूर आला तेव्हा ज्या शाळेत त्यांना ठेवलं होतं, तिथं एका अनोळखी बाईंनी तो त्यांच्या अंगात घातला होता. त्या चुण्या कशा धरल्यात ते बघायला माईंनी टाचणीनं एक कोपरा उसवला होता. शिवणाचं वेड लागलं ते तिथून.

बोहारणीनं फ्रॉक उलटा केला, आतली शिवण पाहिली. "हातानं शिवलाय. नवाच दिला की हो. तिच्या पोरीचा असनार. मग त्या पोरीनं काय घातलं?"

माईंना उत्तर सुचेना. त्या फ्रॉकची आठवण त्यांनी कितीदा तरी सांगितली होती. गोष्ट नेहमी चिखलापासून सुरू व्हायची आणि वाहून गेलेल्या मशीनपाशी संपायची. फ्रॉक मधेच कुठंतरी यायचा. त्याच्या आधी तो कुणाच्यातरी कपाटात होता, हे कधी मनात आलं नव्हतं.

दोन भगुण्यांवर सौदा तुटला. लुगडी माईंनी द्यायची नाकारली, बोहारीण चिडून जिना उतरली.

पण त्या संध्याकाळी माईंनी स्वतःच डबे खाली काढले. धडक्या सुया नि उरलेली बरी लोकर समोरच्या मुलीला; ती मोबाइलवर बघून विणायला शिकत होती. मणी नि टिकल्या बालवाडीत. कुजलेलं सगळं कचऱ्यात, आणि ते टाकताना माई रडल्या, चांगल्या रडल्या. फ्रॉक ठेवला. तो ठेवायचाच होता. लुगडी कापून त्यांनी गोधडी धरली आणि भाड्याच्या घरात जाण्याआधी पुरी केली. धावदोरा थोडा वाकडा गेला, नजर पूर्वीची राहिली नव्हती. गोधडी वॉचमनच्या म्हाताऱ्या आईला गेली.

नव्या जागी महिन्याभरानं तीच बोहारीण दारात आली. "काय काढलंय का माई?"

"काढायला काही उरलं नाही. तुझ्याकडे मऊ सुती लुगडी आली तर दोन आण. वॉचमनच्या सुनेचे दिवस भरत आलेत, दुपटी करायची आहेत."

"पैशानं घ्याल?"

"पैशानं कशाला? एक भगुणं देते. बूड वाकडंय त्याचं."

मुलगा आतून ओरडला, "आई, पुन्हा जमवायला सुरुवात?"

"दोनच म्हटलंय मी," माई म्हणाल्या आणि बोहारणीकडे वळल्या. "आणि उजेडात बघून घेणार हं."